घासाचा खडक

"कावळे कित्याक मोजतंस गो?" भालूकाकांनी सुकाणूवरून ओरडून विचारलं. "तू पाखरां मोजूक इलंस ना?"

"कावळा पाखरू नाही का, काका?"

"न्हय. कावळो तो कावळो."

होडीत हसायला मी एकटीच होते. मधल्या फळीवर गिरपांच्या घरचा म्हातारा आणि त्याची सून बसली होती. सुनेच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं भाताचं टोप होतं आणि दोघांचेही डोळे त्या टोपावर होते. मला मात्र मागं बघणं सुटत नव्हतं. आडबंदरची खाडी सोडून आम्ही उघड्या समुद्रात आलो, तरी कावळे मागं फिरायचं नाव घेत नव्हते. एक पुढं जाई, एक डोलकाठीवर बसे, बाकीचे वाऱ्याशी झटत होडीच्या मागं येत होते. मी दोन हंगाम याच होडीतून ये-जा करत होते. डबा, पाणी, सुकट, सगळं बरोबर असायचं. एवढे कावळे मागं लागलेले मी कधी पाहिले नव्हते.

"आज का आले हे?"

"घासाचो दिस. तेंका कळता," काका म्हणाले. एरवी घासाच्या दिवशी होडीत परकं माणूस घेत नसत; त्या वर्षी मला पहिल्यांदाच घेतलं होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. माहेर सांगलीचं, त्यामुळे समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, गुडघाभर पाण्यातून. पुढं पक्षिशास्त्राच्या नादी लागले आणि सरांनी मला पाठवलं ते थेट या किनाऱ्यावर. आडबंदरसमोर समुद्रात एक ओकाबोका खडक आहे. त्याच्या कपारींत सुरय पक्षी वैशाखात अंडी घालत. पूर्वी म्हणे ते उडाले की खडकावर सावली पडायची. मी गेले तेव्हा शे-दीडशे जोड्या उरल्या होत्या आणि त्यांचीही पिल्लं उडेपर्यंत टिकत नव्हती. ती कोण खातं, हे शोधणं माझं काम.

पहिल्या हंगामात मी उंदरांवर आळ घेतला. जगभर बेटांवर उंदरांनीच घात केलेला, तेव्हा इथंही तेच असणार! सुकट लावून पिंजरे मांडले. पिंजऱ्यांत सापडले ते शंख पाठीवर घेतलेले खेकडे. भालूकाकांनी ती गोष्ट गावभर केली आणि पुढं महिनाभर मला बघितलं की बाजारात कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, उंदीर गावलो?" चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी.

त्या दिवशी चोर माझ्या डोक्यावरूनच उडत होता.

खडकापाशी होडी लावता येत नाही. लाट वर आली की उडी मारायची, ती खाली गेली की होडी मागं घ्यायची. भालूकाका होडीतच राहिले. ते नेहमीच राहत. होडी सांभाळायला कुणीतरी हवंच, म्हणून त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

सपाट कड्यावर गिरपांच्या सुनेनं केळीचं पान मांडलं. भात, आमटी, तळलेली सुरमई. म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाबल्या, तुझी पोरां मी शिकवतंय रे. काळजी करू नको." एक कावळा आला, पानाला शिवला. सून हुंदके देऊन रडली, आणि ते रडणं सुटकेचं होतं. मग बाकीचे कावळे तुटून पडले. पान साफ झालं, माणसं उतरून गेली, होडी त्यांना पोचवायला परत निघाली. कावळे मात्र राहिले.

मी कपारीआड बसून बघत होते. ते उड्या मारत एकेका फटीशी जायचे, मान वाकडी करायचे, आत चोच घालायचे. सुरय वरून किंचाळत झेपा घेत होते. कावळ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. भात ही नुसती न्याहारी होती. काका मला न्यायला परत येईपर्यंत माझं अंग नुसतं पेटलं होतं. आनंद म्हणावा तर समोर पिल्लं मरत होती, आणि दुःख म्हणावं तर दोन वर्षांनी उत्तर सापडलं होतं.

समुद्रात बुडालेल्या माणसाचं प्रेत मिळालं तर त्याचं सगळं इतरांसारखं होतं. मिळालं नाही तर आडबंदरात त्याला जमिनीवर घास देत नाहीत. ज्याचे पाय परत मातीला लागले नाहीत, तो मातीवर जेवायला कसा येईल? म्हणून त्याचा घास खडकावर. तोही पावसासाठी होड्या वर ओढण्याआधी, कारण नंतर नारळी पौर्णिमेपर्यंत खडकाकडे कुणी फिरकू शकत नाही. अशी चार-पाच घरं होती. प्रत्येकाचा दिवस ठरलेला, सगळे वैशाखाच्या शेवटच्या पंधरवड्यात. आणि सुरयांची अंडी फुटायचे दिवसही नेमके तेच. गावानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण पिल्लं बाहेर यायला आणि कावळे जेवायला यायला एकच मुहूर्त.

संध्याकाळी मी गावच्या प्रमुखांकडे, गावकारांकडे गेले. खवणेकर गावकार सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हणजे घास बंद करूचो?"

"बंद नको. किनाऱ्यावर द्या. कावळे खडकावर गेले नाहीत तर पिल्लं वाचतील."

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पाण्यात ऱ्हवान माशावांगडा वैर करूक येत नाय बाय. पण पाखरां कमी झाली ती आमी पण बघतो. पूर्वी पाखरां खंय बसली ता बघून आमी जाळी टाकू. बाकीच्यांचा मी बघतंय. आता एकच घास ऱ्हवलो, द्वारकेचो. ती हो म्हणाली तर सगळो गाव हो म्हणतलो. ती नाय म्हणाली तर मी तिच्यासमोर तोंड उघडूचंय नाय."

द्वारकाकाकी म्हणजे भालूकाकांची बायको. मी त्यांच्याच घरी राहत होते. दोन हंगाम त्यांच्या हातची सोलकढी पीत होते, होडी लागून आले की त्याच लिंबू कापून नाकाशी धरत. त्यांचा एकुलता एक मुलगा, दिगू, तीन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी मिळाली, दिगू मिळाला नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी गेला, म्हणून त्याचा घास सगळ्यांच्या शेवटी. आणि तीन वर्षांत त्याच्या पानाला कावळा शिवला नव्हता.

काकींनी काय काय कबूल केलं नव्हतं! तुझं लग्न ठरलं होतं त्या मुलीचं आम्ही लावून देऊ म्हणाल्या, आणि खरंच लावून दिलं. तुझी होडी विकणार नाही म्हणाल्या. कावळे बाजूला बसून बघत राहायचे. गाव म्हणे, दिगूचा जीव कशात तरी अडकलाय. मला वाटे, सगळ्यांच्या शेवटी वाढलेल्या पानाला पोट भरलेला कावळा कशाला शिवेल? पण असलं कुणाच्या तोंडावर बोलायचं नसतं, एवढी अक्कल सांगलीलाही शिकवतात.

"काका, तुम्हीच सांगा ना त्यांना," वाटेत भेटलेल्या भालूकाकांना सगळं सांगून मी गयावया केली.

"मी?" भालूकाका थबकले. "दिगूचा नाव मी तिच्यासमोर घेनंय नाय. तुका सांगूचा तर तू सांग."

रात्रीच्या जेवणापर्यंत थांबवेना. चुलीपुढं काकी बांगडे भाजत होत्या, तिथंच बसून मी सगळं सांगितलं. एका दमात, थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

काकींनी बांगडा उलटला. मग दुसरा. मग चिमटा खाली ठेवला.

"माझ्या घरात खातंस," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या झिलाच्या तोंडचो घास काढतंस?"

"काकी, घास किनाऱ्यावर..."

"किनाऱ्यार कोण येतलो? तो खंय असा ता तुका ठाऊक असा? माका नाय. माका एक तो खडक ठाऊक." आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "एका पारड्यात तुझी पाखरां आणि एकात माझो दिगू. घातलंस तराजूत? खंयचा जड झाला?"

भालूकाका अंगणात निघून गेले होते. बांगडे करपल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघी भानावर आलो. काकींनी त्यातला बरा भाग काढून माझ्याच ताटात वाढला. त्या घासानं मला जेवढं रडवलं, तेवढं त्यांच्या बोलण्यानं रडवलं नव्हतं.

पुढचे दिवस मी पिंजऱ्यातल्या मांजरासारखी फिरत होते. बंदरावर जा, आभाळ बघ, परत ये. पुण्याहून सरांचा फोन आला, "वनखात्याला पत्र लिहू का?" मी नको म्हणाले. पत्रानं खडकावर पाटी लागली असती आणि काकी पाटीशेजारी पान मांडून बसल्या असत्या. वारा फिरला होता, समुद्र रोज थोडा जास्त उसळत होता. लोक होड्या वर ओढू लागले. जवळपास सगळी अंडी फुटली होती. आणखी एकदा कावळे मनसोक्त जेवले की त्या वर्षीचं सगळं संपणार होतं.

दिगूच्या दिवशी सकाळी काकींनी माझ्यापुढं चहा ठेवला. चुलीपुढच्या त्या रात्रीपासून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझा काय ता माका दाखव. मी माझा करतलंय, तू तुझा दाखव."

टोप त्यांनी मांडीवर घेतलं. कावळे खाडीतूनच मागं लागले. आडबंदरच्या साऱ्या होड्या तोवर वाळूवर गेल्या होत्या, पाण्यात आमची एकटीच. मला मळमळत होतं आणि लिंबू मागायची सोय नव्हती.

खडकाला लाटा फुटत होत्या. मी उडी मारली, काकींना हात दिला. काकींनी कड्यावर पान मांडलं. भात, कुळथाची पिठी, तिसऱ्यांचं सुकं. दिगूच्या आवडीचं असावं. कावळ्यांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट कपारींकडे गेले.

"बघा," मी हळूच म्हटलं.

त्या बघत होत्या. एका फटीतून कावळ्यानं राखाडी लवेचं पिल्लू ओढून काढलं. सुरयाची जोडी त्याच्या डोक्यावर झेपावत होती, पुन्हा वर जात होती, पुन्हा झेपावत होती. काकींचा हात तोंडावर गेला. पण त्या पानापुढून हलल्या नाहीत.

"दिगू, ये रे," त्या म्हणाल्या. "ये रे बाबा. ह्या शेवटचा. ह्या बाय सांगता, परत हंय घास नाय. तुका काय व्हया ता सांग."

कावळा नाही. वारा पान उलटवू बघत होता, त्यांनी चारी कडांना दगड ठेवले. मग अचानक त्या उभ्या राहिल्या आणि होडीकडे वळून ओरडल्या, "ओऽ! आज तरी वर येवा!"

"होडी कोण धरतलो?" खालून काका ओरडले.

"ह्या चेडू धरतला!"

मी? माझ्या हातात दोर कधी आला ते मला कळलं नाही. "खेच म्हटलं की खेच, सोड म्हटलं की सोड. आपटली तर तिघां हंयच," एवढं शिकवून काका वर चढले. मी खडकाच्या खालच्या पायरीवर पाय रोवून उभी. लाट आली की होडी माझे हात उपटून नेऊ बघायची. गळ्यात कॅमेरा लोंबत होता आणि त्याला हात लावायची सोय नव्हती. त्या घटनेचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पण कडा माझ्या डोक्यापेक्षा जेमतेम उंच होता, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

भालूकाका पानापासून लांबच थांबले. तीन वर्षांत ते पहिल्यांदा तिथं उभे होते, हे मला तेव्हा कळलं. होडी सांभाळणं हे नुसतं निमित्त होतं.

"बोला," काकी म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काय ता तुमका ठाऊक. मी कधी विचारलंय? आज पण विचारनंय नाय. तेका सांगा."

काकांनी टोपी काढली, ती दोन्ही हातांनी पिळत राहिले. बोलले ते पानाशी नाही, समुद्राकडे बघून.

"दिगू. त्या दिवशी तू सांगत होतंस, वारो बरो नाय, जाळी उद्या काढूया. चार माणसांत मी तुका म्हटलंय, हातात बांगड्यो भर. म्हणान तू गेलंस." "वारो तुका कळलो होतो रे. माका कळलो नाय. चाळीस वर्सां दर्यात काढून माका कळलो नाय. तुझा खरा होता."

काकींनी मान वर केली नाही. हे त्यांना ठाऊक होतं की त्याच क्षणी कळलं, ते मला आजवर विचारवलं नाही.

आणि कावळा आला. तोच, मघाचा. चोचीत ते पिल्लू होतं, मान लोंबलेली. पानाशेजारी उतरून त्यानं ते दगडावर ठेवलं, आणि भाताकडे एक उडी मारली. मग आणखी एक.

"शिवता," काका कुजबुजले. त्यांनी हात जोडले. "इलो गो. शिवता बघ."

काकी भाताकडे बघत नव्हत्या. त्या पिल्लाकडे बघत होत्या. वर ती दोन पाखरं अजून घिरट्या घालत होती आणि त्यांचं ओरडणं थांबत नव्हतं. कावळ्याची चोच पानावर वाकली आणि काकींनी पानावरचा दगड उचलून त्याच्या अंगावर भिरकावला.

"हूश्श! चल!"

कावळा फडफडत उडाला. काका जवळजवळ किंचाळले, "अगो काय केलंस! तोच होतो! शिवाक इलेलो तो!"

"तो न्हय." काकी म्हणाल्या. "माझो दिगू दुसऱ्याच्या पोराक हात लावचो नाय."

मग त्या कपारींकडे धावल्या. पदर खोचून, हातात सापडेल तो दगड घेऊन, एकेका फटीशी जाऊन त्यांनी कावळे हुसकावले. सुरयांना काय कळतंय? ते काकींच्याही डोक्यावर झेपा घेत होते. त्या चोची चुकवत शिव्या घालत होत्या, कावळ्यांना, पाखरांना आणि बहुतेक मलाही. परत आल्या तेव्हा धापा टाकत त्यांनी पान उचललं आणि सगळा घास समुद्रात सोडला. माझ्या तळहातांची सालटं निघाली होती. मी रडत होते आणि डोळे पुसायलाही दोर सोडता येत नव्हता.

पुढच्या वर्षापासून आडबंदरचा घास खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडतात. खडकावर कावळे कमी झाले, पार गेले नाहीत. सुरय थोडे वाढले, पूर्वीइतके कधी झाले नाहीत. लोक मला व्याख्यानांत विचारतात, स्थानिकांना हे कसं पटवून दिलंत? मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे मी कुणालाच काही पटवलं नव्हतं. मी फक्त दोर धरला होता.

परतताना खाडीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा काका म्हणाले, "हातातोंडाशी इलेलो. शिवलो असतो तर सुटलो असतो तो."

काकी फळीवर पाय मुडपून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी बोललास ता तेणां आयकल्यान."

"कशावरसून?"

"मी आयकलंय मां. मग तेणां आयकल्यान नसतला?"

"आणि कावळो?"

"कावळो भुकेलो होतो," काकी म्हणाल्या.

भालूकाकांच्या हातून सुकाणू सुटलं. तीन वर्षांचं रडं त्यांना एकदम आलं, लहान मुलासारखं, गळा काढून. होडी आडवी झाली, एक लाट आत आली. मी घाबरून उठले, पण काकी माझ्या आधी उठल्या होत्या. त्या भागात बायका सुकाणूला हात लावत नाहीत. त्यांनी नवऱ्याला खांद्याला धरून फळीवर बसवलं, स्वतः मागं गेल्या आणि सुकाणू धरलं. त्या दिवशी होडी बंदरात आणली ती द्वारकाकाकींनी.